कुरणावरचं नत्र मोजताना

सप्रेम नमस्कार,

दुभत्या गायींच्या शेणामुतातून कुरणावर पडणारं नत्र (नायट्रोजन), देशवार उतरत्या क्रमाने लावलेला तुझा तक्ता पाहिला. बेरजा बरोबर आहेत, पण क्रमवारीची घाई झाली. एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा) हा आकडा कुणी कुरणात जाऊन मोजलेला नसतो. गायींची संख्या, गाईमागे वर्षाला बाहेर पडणारं नत्र आणि त्यातला कुरणावर पडणारा वाटा, असा तो तिहेरी गुणाकार आहे. संख्या देशाची असते. बाकीचे दोन आकडे आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेतले, आणि तेही देशाचे नव्हे, मोठ्या प्रदेशाचे.

न्यूझीलंड आणि भारत समोरासमोर ठेव. ओशनियाची, म्हणजे न्यूझीलंड ज्या प्रदेशात मोडतो तिथली, दुभती गाय ५०० किलोची धरली आहे, दर हजार किलो वजनामागे रोज ०.४४ किलो नत्र. वर्षाचे झाले ८०.३ किलो. त्यातले ७६ टक्के कुरणावर, म्हणजे ६१ किलो. भारतीय उपखंडाची गाय २७५ किलोची, दर ०.४७. वर्षाला ४७.२ किलो, कुरणावर २७ टक्के, म्हणजे १२.७ किलो. फरक सुमारे ४.८ पट. तो फोडलास तर दिसेल की गाईच्या नत्राचा हिस्सा जेमतेम १.७ पट, उरलेला २.८ पट निव्वळ चराईच्या टक्केवारीचा. म्हणजे तुझा तक्ता मुख्यतः गाय कुठे उभी असते ते सांगतो.

तीही सरासरीच. अकोले-इगतपुरीकडची डांगी गाय रानात चरते, तर मुक्त गोठ्यातली संकरित होल्स्टिन बहुधा कुरणाचं तोंडही बघत नाही आणि वजनाने कितीतरी भारी असते. दोघींना एकच २७५ आणि एकच २७.

आता गोवऱ्या. उपखंडासाठी ५१ टक्के वाटा जळणाच्या रकान्यात आहे. पण जळतं ते शेण, मूत्र नाही. आयपीसीसी ढोबळमानाने निम्मं नत्र शेणात आणि निम्मं मुतात धरते, आणि मुतातलं नत्र जमिनीच्या हिशेबात घ्यायला सांगते. ५१ टक्क्यांचे २४ किलो, त्यांचे निम्मे १२ किलो: कुरणावरच्या आकड्याइतकंच नत्र! तुझ्या माहितीसंचात ते कुठे धरलंय ते तपासल्याशिवाय भारताची ओळ छापू नकोस.

म्हशी ‘दुभत्या गायी’त येत नाहीत, त्यांची नोंद वेगळी. २०१९ च्या पशुगणनेत त्या जवळपास ११ कोटी होत्या, त्यामुळे शीर्षकात ‘दुग्धव्यवसाय’ लिहिलंस तर ते खोटं ठरेल. कालवडीही दुसऱ्या गटात जातात.

काळाचा आलेख काढणार असशील तर आणखी एक खोच आहे. गाईमागचा दर स्थिर ठेवलेला असेल, तर तुझी रेषा फक्त गायींच्या संख्येची रेषा होते. दूध वाढलं, खुराकातली प्रथिनं वाढली, की मुतातलं नत्र वाढतं. ते या रेषेत उमटत नाही. आयर्लंडने २०२३ पासून दुधानुसार तीन पट्टे केले: गाईमागे ८०, ९२ आणि १०६ किलो. पण हे गाईने बाहेर टाकलेलं एकूण नत्र आहे, गोठ्यातलंही धरून. युरोपच्या नायट्रेट निर्देशातली (शेतीतल्या नत्राने होणारं पाण्याचं प्रदूषण रोखणाऱ्या नियमातली) हेक्टरी १७० किलोची मर्यादाही तशीच. तुझ्या कुरणाच्या रकान्याशेजारी हे आकडे ठेवू नकोस.

हेक्टरी भागाकार करताना भाजक जप. आपल्याकडे गुरं गायरानापेक्षा काढणीनंतरच्या शेतात, बांधावर, जंगलात जास्त चरतात. कायम कुरणाच्या क्षेत्राने भागलंस तर भारत उगाच भयंकर दिसेल.

या नत्रातून हवेत जाणारा नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू काढायचा असेल तर नत्र गुणिले उत्सर्जन गुणांक (नत्राचा वायू होणारा अंश) गुणिले ४४/२८ (नत्राच्या वजनावरून वायूचं वजन काढायला). गायीगुरांसाठी २००६ चा गुणांक ०.०२. २०१९ च्या सुधारणेत ओल्या हवामानाला ०.००६, कोरड्याला ०.००२. न्यूझीलंडच्या ६१ किलोंचे जुन्या गुणांकाने १.९ किलो होतात, ओल्या हवामानाच्या नव्याने ०.६ किलोच्या आत. एका देशाला जुना आणि दुसऱ्याला नवा गुणांक लागला तर तक्ता फाडून टाकावा लागेल.

पुढच्या मसुद्यात संख्या, गाईमागचं नत्र आणि कुरणाचा वाटा असे तीन रकाने वेगळे दे, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो देशाचा की प्रदेशाचा ते लिही. क्रमवारी त्यानंतर बघू.

तुझा शुभचिंतक