स्वित्झर्लंडचे लष्कर : वाचकांचे प्रश्न

स्विस बंकरांचा एखादा व्हिडिओ फिरला की महिनाभर तेच प्रश्न येत राहतात. म्हणून एकत्र उत्तरे देतो.

मायरिंगेनच्या हवाई तळावर रस्त्यालगतच लढाऊ विमाने दिसतात. फोटो काढले तर पकडतील का? (नागपूर)

सार्वजनिक रस्त्यावरून काढा, पण मनाईचा फलक दिसला की मोबाईल खिशात. ड्रोन तर नकोच. शंका असेल तर फाटकावरच्या सैनिकाला विचारा.

झुरिचला आमच्या इमारतीच्या तळघरात काँक्रीटचा जाडजूड दरवाजा आहे. ती जागा लष्कराची का? तिथे सामान ठेवले तर चालेल?

लष्कराची नाही. तो नागरी निवारा आहे, 1963 च्या कायद्याने घरोघरी आलेला. बॅगा, लोणच्याच्या बरण्या खुशाल ठेवा. वेळ आली तर जागा रिकामी करावी लागेल. भिंतीला ड्रिल लावू नका, हवेच्या यंत्राला हात लावू नका. बाकी घरमालकाला विचारा.

मुलगा 19 वर्षांचा, नुकताच स्विस नागरिक झाला. ओळखीचे म्हणतात, भारतीय वंशाच्या मुलांना सैन्यात बोलावत नाहीत. (बर्न)

ओळखीच्यांना म्हणावे, कायदा वाचा. स्विस नागरिक असलेल्या पुरुषाला लष्करी सेवा बंधनकारक आहे, वंश कोणी विचारत नाही. नुसता रहिवासी परवाना असलेल्यांना ती लागू नाही, मुलींना ऐच्छिक आहे. सदसद्विवेकाला पटत नसेल तर नागरी सेवा करता येते, पण ती दीडपट मुदतीची. सेवा न करणाऱ्याला उत्पन्नाच्या 3 टक्के, किमान 400 फ्रँक, वार्षिक कर भरावा लागतो. आलेले पत्र ड्रॉवरमध्ये टाकू नका. कँटनच्या (म्हणजे तिथल्या राज्याच्या) लष्करी कार्यालयात मुलाला घेऊन जा.

कांडरस्टेगच्या वरच्या अंगाला फिरताना गंजलेले, टोकदार नळकांडे सापडले. धुऊन बाल्कनीत ठेवले आहे. इतके जुने म्हणजे निकामीच ना?

संपादकांनी तुम्हाला फोन केलाच आहे. हा प्रश्न मुळात पत्राने विचारायचाच नव्हता! 117 ला, म्हणजे पोलिसांना, त्याच क्षणी फोन करायचा होता. जुने म्हणजे निकामी, हे कोणी शिकवले? तुम्ही ज्या रस्त्याने कांडरस्टेगला गेलात त्याच रस्त्यावर मिथोल्झ लागते. तिथे डोंगराच्या पोटात लष्कराचे दारूगोळ्याचे कोठार होते. डिसेंबर 1947 मध्ये ते उडाले, 9 माणसे गेली. निम्मा साठा फुटला. सुमारे 3,500 टन ढिगाऱ्याखाली राहिला. धोका फारसा नाही असे समजून लष्कराने त्याच डोंगरात औषधांचे कोठार केले, सैनिकांची राहण्याची सोय केली. 2018 मध्ये नव्याने तपासणी झाली आणि धोका समजुतीपेक्षा बराच मोठा निघाला. आता साफसफाईसाठी लोकांना काही वर्षे गाव सोडावे लागणार आहे. (इंटरलाकेनला बोटीतून फोटो काढता ना? त्या थुन आणि ब्रिएन्झ सरोवरांच्या तळाशीही लष्करानेच बुडवलेला दारूगोळा आहे.)

तिथल्या तज्ज्ञांना 70 वर्षांनी जो अंदाज बदलावा लागला, तो तुम्ही बेसिनपाशी उभे राहून बांधलात! नियम तीनच: हात लावू नका, जागेवर खूण करा, कळवा. उचलू नका, धुऊ तर मुळीच नका. डोंगरावर निघण्याआधी त्या भागात गोळीबाराचा सराव आहे का, ते लष्कराच्या संकेतस्थळावर पाहा, वाटेवरचे फलक वाचा. आणि जुन्या बाजारात ‘अस्सल तोफगोळा, सुरक्षित केलेला’ असे सांगून काही विकत असतील, तर विक्रेत्याच्या शब्दावर घेऊ नका. तो कोणी सुरक्षित केला, ते त्यालाही ठाऊक नसते.

डोंगरातला बंकर घेऊन हॉटेल काढायचे आहे. एजंट ‘लष्करी भावात’ देतो म्हणतो, आगाऊ रक्कम मागतो. (पुणे)

एक रुपया देऊ नका. नको असलेले बंकर लष्कराचा मालमत्ता विभाग स्वतः विकतो. परदेशात राहणाऱ्यांना तिथे मालमत्ता घ्यायला कायद्याची बंधने आहेत, शिवाय आत ओल, बाहेर बांधकामाचे निर्बंध. आल्प्समधल्या गोटहार्ड खिंडीत बंकराचे हॉटेल झाले हे खरे, पण तेवढ्यावर आपले पैसे घालू नका. आधी तिथला वकील गाठा.

सैनिकांना देतात तीच लाल सुरी दुकानदार दुप्पट दराने देतोय. घ्यावी का?

नको. सैनिकाची सुरी लाल नसते आणि तिला बूच काढायचा स्क्रूही नसतो. साधी लाल घ्या आणि विमानात ती चेक-इन सामानात टाका.