स्विमिंग पुलाला आतून ग्लास मोझॅक लावावं का? चिप (काचेचे छोटे चौकोनी तुकडे) गळून पडतात म्हणतात, ते खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुळशीकडच्या घराला २४ बाय १२ फुटांचा आरसीसी पूल, सरासरी खोली साडेचार फूट, सध्या नुसतं शेल (काँक्रीटचा तळ आणि भिंती) ओतून झालंय. कॉन्ट्रॅक्टर ग्लास मोझॅकच्या मागे लागलाय आणि शेजारी सांगतात की नादाला लागू नका, दोन-तीन वर्षांत चिप हातात येतात. दोघंही खरंच सांगतायत. पुण्याच्या आसपास पुलांच्या फिनिशिंगवर देखरेख करणं हेच माझं काम, त्यामुळे दोन्ही तऱ्हेचे पूल नेहमी बघण्यात येतात.

काचेबद्दल मनात शंका ठेवू नका. ती पाणी शोषत नाही, क्लोरीनने तिचा रंग उतरत नाही, उन्हाने विटत नाही. कॅलिफोर्नियात हर्स्ट कॅसल नावाची हवेली आहे. तिथला रोमन पूल १९२७ ते १९३४ या काळात बांधला, इंचभर चौकोनी काचेच्या तुकड्यांनी मढवलेला, काही तुकड्यांत सोन्याचा वर्खसुद्धा आहे. तो पाहायला लोक आजही तिकीट काढून जातात.

गोम आहे ती काचेच्या पाठीमागे. साध्या सिरॅमिक टाइलची पाठ सच्छिद्र असते, ती सिमेंट ओढून घेते आणि घट्ट बसते. काच काहीच ओढून घेत नाही. म्हणून सिमेंटचा घोळ करून त्यावर मोझॅकची शीट थापली की दोन दिवस ती छान दिसते, पकड मात्र आलेली नसते. काचेला पॉलिमर असलेलं अ‍ॅडहेसिव्हच लागतं, तेही पांढरं. करड्या रंगाचं लावलं तर फिकट काचेतून ते आरपार दिसतं आणि आकाशी रंग मळकट होतो. पोत्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि पुढे टाइप छापलेला असतो. पाण्याखालच्या काचेसाठी मी टाइप ४ च्या खाली उतरत नाही. दातेरी थापीने ओढलेल्या रेघा शीट लावण्याआधी सपाट बाजूने दाबून मोडायच्या, नाहीतर त्या रेघाही काचेतून दिसतात आणि मध्ये हवा राहते ती वेगळीच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. चिप फूटभराच्या शीटवर चिकटवून येतात. काही शीटना मागून जाळी असते, काहींना समोरून कागद. जाळीचा गोंद बऱ्याचदा पाण्यात विरघळणारा असतो. अशी शीट लावली की चिप अ‍ॅडहेसिव्हला न चिकटता गोंदाला चिकटून राहते आणि सहा महिने पाण्यात राहिल्यावर गोंद भिजून सुटतो. तुमच्या शेजाऱ्यांनी जे पाहिलं ते बहुतेक हेच. घेण्याआधी एक शीट बादलीत तीन-चार दिवस बुडवून ठेवा. वर काढून झटकल्यावर चिप तळाशी गळल्या तर तो माल पुलासाठी नाही, बाथरूमच्या भिंतीला न्या. समोरून कागद लावलेली शीट सगळ्यात उत्तम, कारण काचेची पूर्ण पाठ मसाल्याला भिडते. मिस्त्री कुरकुर करतात, कारण नंतर कागद ओला करून सोलावा लागतो आणि लाइन तेव्हाच सुधारून घ्यावी लागते. करू द्या कुरकुर. पाठीला चंदेरी किंवा रंगीत थर दिलेली काच असेल तर तो थर नाण्याच्या कडेने खरवडून बघा. पापुद्रा निघाला तर नको.

आता हिशेब. तळ २८८ चौरस फूट, भिंती ३२४, मिळून ६१२. २० मिलिमीटरची चिप आणि २ मिलिमीटरचा जॉइंट (दोन चिपांमधली फट) धरला तर पुलात सुमारे एक लाख सतरा हजार चिप बसतात. त्यातली हजारात एक सुटली तरी शंभराच्या वर भोकं, आणि त्या काठांनी पोरांचे पाय कापतात. म्हणून मजुरीवर घासाघीस करू नका. मालाचा आणि मजुरीचा दर वेगळा मागा आणि ज्या मिस्त्रीने आधी काचेचा पूल केलाय त्याचा तो पूल प्रत्यक्ष जाऊन बघा, तोही दोन उन्हाळे गेलेला.

सहा किंवा बारा इंची मोठी काचेची टाइल मात्र घेऊ नका. रिकाम्या पुलात एप्रिलच्या उन्हात गडद काच भयंकर तापते आणि मोठा तुकडा तडकतो. छोट्या चिपमध्ये सगळी हालचाल जॉइंट सोसतात. तरीही भिंत-तळाच्या कोपऱ्यात आणि लांबीत बारा फुटांवर सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचा, रबरासारखा मऊ जॉइंट ठेवायला सांगा.

टाइलच्या आधी वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यांना वाटे (सिमेंटची गोलाई), आणि मग पूल भरून आठवडाभर चाचणी. उन्हाळ्यात पाणी नुसत्या वाफेनेही उतरतं, म्हणून पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, काठ पाण्याच्या वर राहील अशी. बादलीत आणि पुलात एकाच वेळी खूण करा. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. काच गळती थांबवत नाही, ती फक्त झाकते.

मुळशीत पाऊस किती पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकाम्या शेलला बाहेरून रेटतं, आणि हा रेटा टाइल आतून उखडतो. एकदा पूल भरला की पावसाळ्यात तो रिकामा करायचा नाही, साफसफाईसाठीसुद्धा. चिपचं काम दिवाळीनंतर काढा, वर शेडनेट ताणून. काम संपल्यावर दोन आठवडे पाणी घालू नका. पूल जेमतेम ३७ हजार लिटरचा, दहा हजारी चार टँकर एका सकाळी येतात आणि काम फत्ते झालं असं सगळ्यांना वाटतं. तसं नको. दिवसाला दोन फूट, त्याहून जास्त नाही.

रंग कॅटलॉगमध्ये बघून ठरवू नका, शीट भर उन्हात पाण्यात ठेवून बघा. ग्राउटचा, म्हणजे जॉइंट भरायच्या मसाल्याचा, रंगही त्यासोबत ठरवा. वरच्याच मापाने पृष्ठभागाचा सहावा हिस्सा निव्वळ ग्राउट असतो, त्यामुळे पांढऱ्या ग्राउटने तीच निळी चिप उजळ दिसते आणि राखाडीने गंभीर. परवडलं तर इपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं) ग्राउट घ्या. सिमेंटचं ग्राउट अ‍ॅसिडने धुतलं की खाल्लं जातं, आणि आपल्याकडे कोणीतरी अ‍ॅसिड ओततंच. इपॉक्सी लावताना चिपवरचा चिकट थर तिथल्या तिथे पुसायला माणूस बाजूलाच हवा, वाळल्यावर तो निघता निघत नाही. पायऱ्यांच्या कडांना वेगळ्या रंगाची ओळ द्या, पाण्यात पायरी दिसत नाही.

बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राहिला तर ठीक. जड पाण्याचा पांढरा थर गडद काचेवर आधी दिसतो, फिकट निळ्यावर तेवढा नाही. म्हणून काळा किंवा गडद हिरवा पूल हवा असेल तर पाण्याकडे रोज बघणारा माणूस हवा.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? अनुभवी मिस्त्री मिळाला आणि कागदी शीट मिळाली तर सगळा पूल काचेचा, फिकट निळा. दोन्हीपैकी एक जरी अडलं तर तळ आणि भिंतींना पुलाची व्हिट्रिफाइड टाइल, आणि फक्त पाण्याच्या रेषेवर सहा इंचांचा काचेचा पट्टा. काठावर बसलेल्या पाहुण्याची नजर पहिल्यांदा त्या पट्ट्यावरच जाते. तेलकट डाग, सनस्क्रीनचा थर वगैरे जमतो तोही तिथेच, आणि काचेवरून तो फडक्याने पुसला जातो. त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ फक्त ३६ चौरस फूट, म्हणजे मनासारखी महाग काच घेतली तरी खिसा कापला जात नाही.

काहीही घेतलं तरी त्याच बॅचच्या पाच-सहा शीट जास्तीच्या घेऊन पंपरूममध्ये ठेवा. पुढच्या बॅचचा निळा कधीच जुळत नाही.