रेडिओ दुरुस्ती : वाचक विचारतात

प्रश्न : घरी जुना व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ आहे. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते, मध्येच आवाज गडप होतो. पावसाळ्यात त्रास वाढतो. गंज सोडवायचा स्प्रे मारू का?
– एक वाचक, राधानगरी

उत्तर : तो स्प्रे नको. बटणामागे पोटेन्शिओमीटर, थोडक्यात ‘पॉट’, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर असतो. स्प्रेतलं तेल त्याच्या कार्बनच्या पट्टीवर राहतं, धूळ धरतं आणि खरखर पुन्हा सुरू होते. रॉकेल-पेट्रोलचं तर नावच काढू नका. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, डब्यावर ‘पोटेन्शिओमीटरसाठी’ असं लिहिलेलं पाहून.

आधी प्लग काढा. बंद सेटमध्येही फिल्टर कंडेन्सरवर (वीज साठवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरवर) 250-300 व्होल्ट उरलेले असू शकतात. 10 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद लावा आणि मीटरवर 10 व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. व्हॉल्व्हचे नंबर ‘यू’ने सुरू होत असतील (यूसीएच, यूबीसी, यूएल) तर सेट बहुधा एसी-डीसी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा आहे. त्याची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट घरच्या विजेच्या लाइनला जोडलेली असते, म्हणून प्लग लावून उघड्या सेटला हात नाही. बटणाचा बारीक स्क्रूसुद्धा त्याच चासीला जोडलेला असतो. कंपनीने त्या भोकात मेण भरलेलं असतं ते याचसाठी. बटण परत बसवल्यावर मेण पुन्हा भरा.

पॉटच्या पायांजवळच्या फटीतून सुईच्या सिरिंजने क्लीनरचे चार-पाच थेंब सोडा. फवारा मारला की तो मागच्या चालू-बंद स्विचमध्ये आणि दांड्याच्या ग्रीसमध्ये जातो. ग्रीस धुतलं गेलं की दांडा ढिला होतो. मग बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. तासभर तरी वाळू द्या, नाहीतर स्विचच्या ठिणगीने वाफ पेटायची.

प्रश्न : साफ केलं तरी खरखर आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये बटण फिरवलं तर शांत, जोरदार स्टेशनवर मात्र जास्त.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मग दोष निव्वळ धुळीचा नाही. बहुतेक सेटमध्ये हा पॉट डिटेक्टरचा (लहरींतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाचा) भारही असतो. स्टेशन लागलं की त्याच्यावर डीसी (एकाच दिशेची वीज) येतो. तो पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आवाजाचा सिग्नल घेणाऱ्या भागावर) जाऊ नये म्हणून मधल्या पायापासून साधारण 0.01 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. जुना कागदी कंडेन्सर पाझरला की डीसी पॉटच्या सरकत्या संपर्कातून वाहू लागतो आणि बटण फिरवताना खरखर होते. ग्रिडचा रेझिस्टर अनेकदा 10 मेगओहमचा असल्याने जरासा पाझरही पुरतो. तो मोजत बसण्यापेक्षा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा 400 किंवा 630 व्होल्टचा फिल्म कंडेन्सर टाका.

त्यानंतरही खरखर राहिली तर पट्टी झिजलेली असणार. मधल्या पायाची आणि एका टोकाची तार सोडवा, त्या दोन पायांना काट्याचा मीटर लावा आणि दांडा हळू फिरवा. काटा उडाला, की तिथला कार्बन गेलेला. पेन्सिलचं ग्रॅफाइट घासायचा उपाय आहे, पण तो टिकत नाही.

प्रश्न : नवा 500 किलोओहमचा पॉट बसवला. पाव फेऱ्यातच पूर्ण आवाज येतो!
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : लिनिअर (रेझिस्टन्स समान वाढणारा) मिळाला आहे, लॉग (सुरुवातीला हळू, पुढे झपाट्याने वाढणारा) हवा. हल्लीच्या मालावर ‘ए’ म्हणजे सहसा लॉग, ‘बी’ लिनिअर, पण जुन्या युरोपीय पॉटवर ‘ए’ म्हणजे लिनिअर. म्हणून अक्षरापेक्षा मीटरवर भरवसा ठेवा: दांडा मधोमध असताना कमी आवाजाच्या टोकापासून मधल्या पायापर्यंत साधारण 50 ते 100 किलोओहम दिसले तर लॉग, 250च्या आसपास तर लिनिअर. जुन्या पॉटला चौथा पाय असेल तर तो पॉट फेकून देऊ नका. तो पाय टोनसाठीचा टॅप (पट्टीच्या मधून काढलेला जोड) आहे, तसला पॉट नवा मिळणं अवघड. त्याच्यावर आधी साफसफाईच करून पाहा.