घरकुल मंजूर झालं, जागा कुठून आणायची?

प्रश्न : देशात घरांचा तुटवडा आहे असं ऐकतो. आमच्याकडे तर नव्या टॉवरांत रात्री निम्म्या खिडक्या अंधारात असतात. मग तुटवडा कसला? (एक वाचक, कल्याण)

तुम्हाला दिसतंय ते खरंच आहे. 2011 च्या जनगणनेत शहरांमधली 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी अर्थतज्ज्ञ अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाने शहरी तुटवडा काढला, तो 1 कोटी 88 लाख घरांच्या आसपास. तुटवड्यातली जवळजवळ सगळी कुटुंबं आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातली होती. अंधाऱ्या खिडक्यांमागची घरं त्यांना परवडणारी नव्हेत.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्या मोजणीत बेघर माणसं अगदी कमी होती. सर्वांत मोठा वाटा होता दाटीचा, म्हणजे लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही अशा घरांचा. दहा बाय बाराची खोली, मधे दोरीवर टाकलेली साडी, अलीकडे सासू-सासरे, पलीकडे मुलगा-सून. अशा कुटुंबाला गावाबाहेर तासाभराच्या अंतरावरचा फ्लॅट नको असतो. त्याला आहे त्याच जागेवर आणखी एक खोली हवी असते. 2015 पासूनच्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेतही निम्म्याहून अधिक घरं लोकांनी स्वतःच्या जागेवर बांधलेलीच आहेत. ज्याच्याकडे जागा आहे त्याचं काम होतं. ज्याच्याकडे नाही तो मागेच राहतो, आणि माझ्या मते सगळ्या घरकुल योजनांची खरी अडचण तीच आहे.

प्रश्न : घरकुलाच्या यादीत आमचं नाव आलं. जागा मात्र आजेसासऱ्यांच्या नावावर आहे आणि चुलत सासरे वाटणीला तयार नाहीत. नाव रद्द होईल का? (एक भगिनी, बार्शी तालुका)

ताई, लगेच घाबरून जाऊ नका, पण थांबूनही राहू नका. चुलत सासऱ्यांकडे सगळ्या मिळकतीची वाटणी मागू नका, तिथेच बोलणं तुटतं. घरापुरत्या जागेचं संमतीपत्र मागा. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं, म्हणजे जेमतेम 270 चौरस फूट. एवढ्यासाठी चार वडीलधारी माणसं मध्ये घालून बसलं, तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. मग ग्रामपंचायतीत नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, नोंद लावून घ्या.

नाहीच जमलं, तर पंचायत समितीत पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेचा अर्ज करा. 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत मिळते. रस्त्याकडेच्या जागेला हे पैसे पुरत नाहीत, हे मला दिसतं. तरी अर्ज दिलेला असला की तुमची अडचण कागदावर येते.

पैशांचंही आधीच मनाशी धरून चला. केंद्राच्या अनुदानाचे सपाट भागासाठीचे 1 लाख 20 हजार 2016 पासून तेवढेच आहेत. सिमेंट आणि गवंड्याची मजुरी कुठल्या कुठे गेली. राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार सौरऊर्जेसाठी. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12 हजार आणि 5 ब्रास मोफत वाळू. वाळूचा पास वेळेत मागून घ्या. हप्ता जोत्याचा फोटो चढल्यावरच पुढे सरकतो. जोतं बांधून ताडपत्रीखाली विटा झाकून बसलेली आणि दुकानदाराची उधारी मोजणारी घरं मी कितीतरी पाहिली आहेत. हा मधला काळ कसा काढायचा ते आधी ठरवा, मगच पाया खणा.

प्रश्न : आमचं दोघांचं मिळून 40 हजार उत्पन्न आहे. 32 लाखांचा फ्लॅट बघितलाय. व्याजाची सवलत मिळेल? गावचं घर वडिलांच्या नावावर आहे. (नाशिक)

मिळू शकते. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक 9 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, 35 लाखांपर्यंतच्या घराला आणि 25 लाखांपर्यंतच्या कर्जाला ही सवलत आहे. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही पाच हप्त्यांत. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं, त्यामुळे वडिलांचं घर आड येत नाही. तुम्हा दोघांपैकी कुणाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. अनुदान धरून मासिक हप्त्याचं गणित मांडू नका. ते नसतानाही झेपतंय का, ते बघा.

प्रश्न : दर अकरा महिन्यांनी घर बदलतो. सरकार मालकीचीच घरं का देतं, भाड्याची का नाही? (पिंपरी)

हा प्रश्न मंत्रालयात रोज विचारला जायला हवा. मुंबईत शंभर वर्षांपूर्वी कामगारांसाठी बीडीडी चाळी सरकारनेच बांधल्या, भाड्यानेच. पुढे 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरू टिकले, पण दुरुस्ती थांबली आणि भाड्यासाठी घर बांधणं हा धंदाच उरला नाही. 1961 मध्ये शहरांतली 54 टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती, 2011 मध्ये 28 टक्के. टाळेबंदीत मजूर चालत गावी निघाले, तेव्हा 2020 मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली. सरकारी रिकामी घरं त्यासाठी वापरायची होती, पण वापरली गेली त्यांतली थोडीच. आता शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याची घरं हा स्वतंत्र घटक आहे. त्याला मालकीच्या घरांइतकाच निधी मिळावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

तोवर एवढं करा : भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. 22 किंवा 33 महिन्यांचा करार मागायलाही संकोचू नका.