लॅपटॉप घेताना वाइडस्क्रीन घ्यावी की साधी, चौकोनी स्क्रीन?

चौकोनी म्हणजे ४:३ची (रुंदी ४ भाग, तर उंची ३) स्क्रीन नव्या लॅपटॉपवर आता जवळपास मिळतच नाही, तेव्हा तो प्रश्न बाजारानेच निकालात काढलाय. खरी निवड उरते ती १६:९, १६:१० आणि ३:२ यांत. तुमचं काम लिहिण्याचं, पीडीएफ वाचण्याचं आणि रात्री एखादा सिनेमा, असं तुम्ही म्हणताय. मग मी डोळे झाकून १६:१० सांगेन. मॅकबुक साधारण याच आकाराचे असतात. सरफेस लॅपटॉपसारखी ३:२ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

इंचांवर जाऊ नका. इंच म्हणजे कर्ण, आणि कर्ण फसवतो. १४ इंची १६:९ स्क्रीनची उंची ६.९ इंचांच्या आसपास भरते, १६:१०ची ७.४, आणि जुन्या ४:३ची चक्क ८.४. कर्ण तोच, पण स्क्रीन जितकी लांबट तितकं क्षेत्रफळ कमी.

माझ्याकडे एक १३६६ × ७६८ पिक्सेलचा (म्हणजे स्क्रीनवरचे आडवे × उभे ठिपके) लॅपटॉप होता. रुंद आहे म्हणून हौसेने घेतलेला. वर्ड उघडलं की वर टायटल बार, त्याखाली बटणांची पट्टी म्हणजे रिबन, तळाला स्टेटस बार आणि टास्कबार. मधल्या फटीत जेमतेम अर्धं पान. दोन्ही बाजूंना मात्र करडी पडीक जमीन! एका सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधलं ‘ओके’ बटण तर स्क्रीनच्या खालीच जायचं. माऊस तिथे पोचायचा नाही, मग टॅब मोजत मोजत अंदाजाने एंटर मारायचो.

१९२० × १०८०ऐवजी (१६:९) १९२० × १२०० (१६:१०) घेतली की आडवे पिक्सेल तेवढेच राहतात, उभे १२० वाढतात. टास्कबार आणि रिबन काही त्यामुळे मोठे होत नाहीत, म्हणजे ती सगळी जागा मजकुराला. दोन खिडक्या शेजारी लावणंही अडत नाही. सिनेमाचं म्हणाल तर १६:९ व्हिडिओला वर-खाली ६०-६० पिक्सेलचे काळे पट्टे येतील. येऊ देत. २.३९:१चे, म्हणजे आणखी रुंद सिनेमे १६:९वरही पट्ट्यांसकटच दिसतात.

मोठ्या रुंद लॅपटॉपवर बरेचदा उजवीकडे नंबरपॅड असतो. दिवसभर आकडे टाकायचे असतील तर तो हवाच. नसतील तर नकोच, कारण त्याच्यामुळे टायपिंगचा भाग डावीकडे सरकतो आणि माणूस स्क्रीनसमोर तिरका बसतो. मला तरी ते कधी मानवलं नाही.

दुकानात जाताना रोजच्या कामातली एक ए४ पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या. ‘पूर्ण पान’ करून उघडा आणि घरी बसता तेवढ्या अंतरावरून वाचून बघा. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून हे केलंत तर पाच मिनिटांत कौल लागेल.