वाचकांचे प्रश्न : पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्यानंतर

प्रश्न : नारायण पेठेत माझा डीटीपीचा लहानसा व्यवसाय आहे. पुस्तकांच्या फाइल पेनड्राइव्हवर घालून मी मुद्रकाकडे पाठवतो. सीपीयू टेबलाखाली भिंतीला लागून असल्यामुळे पेनड्राइव्ह मागच्या बाजूला वाकून लावावा लागतो. इजेक्ट केल्यावर एखादी फाइल राहून गेल्याचे लक्षात येते, तेव्हा पेनड्राइव्ह जागेवरच असतो, त्याचा दिवाही लागलेला असतो, परंतु संगणक त्याला ओळखत नाही. तो न काढता पुन्हा जोडता येईल का? शिवाय, हल्ली इजेक्ट करण्याची गरजच उरलेली नाही असे एका परिचिताने सांगितले, ते खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातूनच निघते. फाइल पेनड्राइव्हवर जाते तेव्हा दोन कामे व्हावी लागतात : मजकूर चिपवर उतरणे, आणि तो कोठे उतरला याची नोंद ड्राइव्हच्या तक्त्यात होणे. यांतले दुसरे काम राहून गेले तर काय होते? आपल्या व्यवसायातील उदाहरण द्यायचे तर, पाने जुळली पण अनुक्रमणिका अर्धवट राहिली, असे पुस्तक छापायला गेल्यासारखे ते होते. फरक इतकाच, की अनुक्रमणिकेवाचूनही माणूस पाने चाळू शकतो, संगणकाला मात्र नोंद नसलेली फाइल सापडतच नाही. वेग वाढावा म्हणून संगणक काही लेखन स्वतःच्या स्मृतीत राखून ठेवतो आणि सवडीने ड्राइव्हवर उतरवतो. इजेक्टची आज्ञा दिली की हे राहिलेले लेखन पूर्ण होते, उघड्या फाइल आहेत का हे तपासले जाते, आणि मगच ड्राइव्ह मोकळा केला जातो.

आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धे खरे आहे. विंडोज १० च्या २०१८ मध्ये आलेल्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत मूळचीच ठरवलेली असते, आणि तिच्यात लेखन असे राखून ठेवले जात नाही. तरीही फाइल जात असतानाच ड्राइव्ह काढला तर त्या पद्धतीचा काहीही उपयोग होत नाही. कोणी ‘बेटर परफॉर्मन्स’ हा, म्हणजे वेगासाठी लेखन राखून ठेवणारा, पर्याय निवडून ठेवला असेल, तर इजेक्ट करणे आवश्यकच आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील उपकरणांच्या यादीत) ‘डिस्क ड्राइव्ह्ज’खाली आपल्या ड्राइव्हचे गुणधर्म उघडून ‘पॉलिसीज’ या भागात कोणता पर्याय निवडलेला आहे ते पाहता येते. मुद्रकाकडे लिनक्सचा संगणक असेल तर अधिक जपावे; तेथे प्रत उतरल्याची पट्टी पूर्ण भरल्यानंतरही बराच मजकूर स्मृतीतच असू शकतो. ज्या फाइलमागे आपले आठवडाभराचे श्रम आहेत, तिच्यासाठी एक क्लिक वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पुन्हा जोडण्याविषयी. इजेक्ट केल्यावर विंडोज त्या उपकरणावर ‘काढण्यासाठी सज्ज’ अशी खूण करते. दिवा लागलेला दिसतो तो केवळ पोर्टमधून वीज येत असते म्हणून. जोडणी चालू असल्याचे ते लक्षण नव्हे. या स्थितीला विंडोजमध्ये ‘कोड ४७’ म्हणतात, आणि तिच्यावरचे अधिकृत उपाय दोनच : पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, अथवा संगणक पुन्हा सुरू करावा. वाकणे टाळायचे असेल तर आणखी एक मार्ग सहसा उपयोगी पडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स’ उघडावे, पिवळी खूण असलेले ‘यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस’ शोधावे, त्यावर उजवी क्लिक करून आधी ‘डिसेबल’ आणि मग ‘एनेबल’ करावे. तेथे हात चुकून ‘रूट हब’ (अनेक यूएसबी पोर्ट ज्याच्यावर चालतात तो भाग) बंद केला, तर त्यावर जोडलेले कीबोर्ड आणि माउसही बंद पडतील, म्हणून नाव नीट वाचूनच पुढे जावे. मला विचाराल तर एक चांगली यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणून पोर्ट टेबलावर घ्यावा. रोजच्या कामाला तोच उपाय सर्वांत सुटसुटीत आहे.

प्रश्न : इजेक्ट करताना ‘हे उपकरण वापरात आहे’ असा संदेश येतो. सर्व खिडक्या बंद केल्या तरी तो जात नाही. (एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : खिडकी बंद झाली तरी अँटिव्हायरसची तपासणी किंवा एखादा प्रोग्रॅम पाठीमागे फाइल धरून ठेवत असतो. मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. कोणी अडवले आहे हे पाहायचेच असेल, तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील ‘सिस्टिम’ नोंदींत २२५ क्रमांकाची नोंद शोधावी. तिच्यात त्या प्रोग्रॅमचे नाव असते. एवढे करूनही ड्राइव्ह सुटला नाही, तर संगणक रीतसर बंद करून मगच तो काढावा.

प्रश्न : फोटो उतरत असताना नातवाने पेनड्राइव्ह ओढून काढला. आता तो लावला की ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले जाते. (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : कृपया ‘होय’ म्हणू नये. ज्या संगणकावरून फोटो घेत होता तेथे मूळ प्रती आहेत का, हे प्रथम पाहावे. असतील तर चिंतेचे कारण उरत नाही. नसतील तर या ड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये, आणि फाइल परत मिळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने सापडतील तेवढे फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावेत. ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्ती त्यानंतरच करावी, कारण ती तक्ता जुळवताना निराधार तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ नावाच्या फाइल करून टाकते, आणि मग त्यांतून मूळ फोटो ओळखणे कठीण जाते. फोटो हाती आल्यावर ड्राइव्ह फॉरमॅट करून पुन्हा वापरता येईल. मात्र नीट इजेक्ट करूनही हाच संदेश परत आला, तर चिप झिजली आहे असे समजून तो ड्राइव्ह वापरातून काढून टाकावा.