थॅलेसेमियाच्या मुलाच्या अंगात साठलेलं लोह हळद, ग्रीन टी, आवळ्याने उतरेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर (अंगात रक्त नीट तयारच होत नाही असा जन्मजात आजार), दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं आणि फेरिटिन (अंगात किती लोह साठलंय हे दाखवणारी रक्ततपासणी) २९०० वर गेलंय. डेफेरासिरॉक्स या लोह बाहेर काढणाऱ्या गोळीने पोट दुखतं, म्हणून घरचे म्हणतात गोळी बंद करा, हळद आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल द्या, सोबत रंकाळ्यावर मिळतो तो आवळ्याचा रस.

शाहूपुरीत माझं औषधाचं दुकान आहे, ही गोळी नेहमी देतो. गोळी बंद करू नका.

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. जेवणातून आतडं दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम घेतं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. चहातली टॅनिन लोह अडवतात हे खरं, पण आतड्यात. तुमच्या पोराचं लोह शिरेतून येतंय, तिथं चहा काय करणार?

घरचे म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. मोकळं लोह यकृतात, हृदयात घातक रेणू तयार करतं, पेशी जाळतं. हळदीतलं करक्युमिन आणि वनस्पतींत सापडणारं क्वेर्सेटिन यांनी ते नुकसान कमी झाल्याचं लोह टोचलेल्या उंदरांत दिसलंय. पण माणसाच्या पोटातून करक्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. इराणमध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांना सिलिमरिन हा वनस्पतीचा अर्क देऊन पाहिला, तोही डेफेरॉक्सामिन या लोह काढणाऱ्या औषधाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. आणि 'नैसर्गिकच हवं' म्हणणाऱ्यांना सांगा, डेफेरॉक्सामिन मुळात एका जीवाणूपासूनच मिळतं.

मला खरी धास्ती आवळ्याच्या रसाची वाटते. क जीवनसत्त्व साठलेलं लोह हलवतं. ते बांधायला औषध नसेल तर हृदयाला धोका. म्हणजे गोळी बंद आणि रस सुरू, हा सगळ्यात वाईट जोड. ग्रीन टीच्या दाट अर्काने यकृत बिघडल्याच्याही नोंदी आहेत, आणि याच्या यकृतावर आधीच भार आहे. भाजीतली हळद बिनधास्त घाला.

आता पोटदुखीचं. पाण्यात टाकून घ्यायची गोळी असेल तर ती पूर्ण विरघळत नाही, नुसती पसरते. ग्लासाच्या तळाशी पांढरा गाळ राहतो. पुष्कळ आया तो विसळून मोरीत ओततात, खरं तर तो डोसच आहे. घोटभर पाणी घालून, ढवळून पाजा. दुधात किंवा सोड्यात कालवू नका. तरीही दुखत असेल तर डॉक्टरांना फिल्म कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या, गिळायच्या) गोळीबद्दल विचारा, ती हलक्या नाश्त्याबरोबर चालते आणि पोटाला बरी पडते. तिचा डोस वेगळा असतो, त्यामुळे तेवढ्याच मिलिग्रॅमची परस्पर बदलून घेऊ नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नका, आणि कॅप्सूलची बाटली पुढच्या वेळी रक्त चढवायला जाताना डॉक्टरांना दाखवा.

गूळ तोडायचा का, हेही विचारलंय. कोल्हापुरात राहून? खाऊ दे की. गुळातलं लोह पिशवीपुढं काहीच नाही. रक्तवाढीचं टॉनिक मात्र कुणी कौतुकाने आणून दिलं तरी देऊ नका, त्यात लोहच असतं.